वाचकांचे प्रश्न : एका स्पर्शात दोन चादरी

प्रश्न : सोलापुरात आमचे चादरी व टॉवेलांचे दुकान आहे. मुलाने बिलासाठी ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला असून माउसने तो बिनचूक चालतो. मात्र नव्या टचस्क्रीनवर ‘चादर’ या बटणावर एकदा बोट टेकवले तरी बिलात दोन चादरी चढतात. पडदा सदोष आहे का? – एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : पडद्यावरील कळफलकाने एखादा शब्द टाइप करून पाहावा, प्रत्येक अक्षर एकदाच उमटत असेल, तर पडदा बदलण्याच्या खर्चात पडू नये. दोष बहुधा प्रोग्राममध्ये आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी स्पर्श म्हणजे नुसता ‘क्लिक’ नव्हे. लिनक्समध्ये ‘इव्हटेस्ट’ हे साधन चालवून पडद्यावर बोट टेकवले, तर हा व्यवहार उघड दिसतो : प्रत्येक बोटाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्याची आडवी व उभी जागा नोंदवली जाते, नोंदींचा एक संच पूर्ण झाल्याची खूण येते आणि बोट उचलले की त्या क्रमांकाच्या जागी उणे १ येतो. ही माहिती ब्राउझरपर्यंत पोचल्यावर तो पानाला आधी ‘टचस्टार्ट’ (बोट टेकले) व ‘टचएंड’ (बोट उचलले) कळवतो. त्यानंतर, केवळ माउस ओळखणारी जुनी पाने अडू नयेत म्हणून, त्याच स्पर्शातून माउसच्या घटना (बटण दाबले, सोडले) आणि शेवटी ‘क्लिक’ही तयार करतो.

चिरंजीवांनी बहुधा ‘टचस्टार्ट’ आणि ‘क्लिक’ या दोन्हींवर ‘चादर वाढवा’ अशी आज्ञा दिली असावी. माउस या दोन्हींपैकी फक्त ‘क्लिक’ देतो, म्हणून तेव्हा हिशेब जुळतो. ही सवय जुनीच आहे : पूर्वीचे मोबाइल ब्राउझर दुहेरी टॅपची वाट पाहत क्लिकला सुमारे ३०० मिलिसेकंद उशीर करीत, त्यामुळे अनेकांनी ‘टचस्टार्ट’चा आधार घेतला.

बिलाच्या बटणासाठी केवळ ‘क्लिक’ ठेवावा, असे माझे मत आहे. बोट, माउस आणि कळफलक या तिन्हींचे काम त्यात भागते. ‘टचस्टार्ट’ ठेवायचाच असेल, तर त्यात ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ (ब्राउझरची ठरावीक पुढची कृती रोखणारी आज्ञा) वापरल्यास पुढचा क्लिक तयार होत नाही. मात्र त्या बटणावरून बोट ओढून पान सरकवणेही बंद होते. लांबलचक यादीतून चादरीचा रंग निवडणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ही अडचण लगेच जाणवेल.