फ्युएल सेलच्या गाडीत साधं कूलंट का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की हायड्रोजनच्या गाडीत, म्हणजे फ्युएल सेलमधे हायड्रोजनपासून वीज करून चालणाऱ्या गाडीत, नेहमीचं हिरवं कूलंट टाकलं तर काय बिघडतं. बरंच बिघडतं, म्हणून आधीच सांगतो, टाकू नका.

टोयोटा मिराई घ्या, 2022 मध्ये गडकरी साहेब जी घेऊन संसदेत गेले होते तीच. पहिल्या मिराईच्या स्टॅकमधे, म्हणजे सेलच्या थप्पीत, 370 सेल एकामागोमाग जोडलेले होते, म्हणजे शेकडो व्होल्ट, आणि कूलंट त्या सेलच्या प्लेटांमधूनच फिरतं. साध्या कूलंटमधे गंज न लागण्यासाठी क्षार घातलेले असतात, नळाच्या पाण्यातही क्षार असतातच, आणि क्षार आले की त्या पाण्यातून करंट वाहायला लागतो, इन्सुलेशन ढासळतं, प्लेटा गंजतात, शॉकचा धोका वेगळाच. म्हणून डीआयनाइज्ड, म्हणजे क्षारांचे आयन (विद्युतभारित कण) काढून टाकलेलं, पाणी आणि ग्लायकॉल असलेलं खास कूलंट लागतं, शिवाय रेडिएटर, पाइप यांतून हळूहळू सुटणारे आयन धरून ठेवायला रेझिनचा एक फिल्टर असतो. तो वेळेवर बदलायचा, यात काटकसर करूच नका!

दुसरी अडचण उष्णतेची. हायड्रोजनमधली साधारण निम्मी ऊर्जा उष्णता होते, आणि इंजिनासारखी ती सायलेन्सरमधून फारशी बाहेर जात नाही, जवळपास सगळी कूलंटलाच वाहून न्यावी लागते. त्यात स्टॅक चालतो 60 ते 80 अंशांवर, बाहेर नागपूरचं 45 अंशांचं ऊन असेल तर फरक उरतो कितीसा, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. जास्त तापलं तर आतली मेंब्रेन, म्हणजे हायड्रोजन आणि हवा वेगळी ठेवणारा पातळ पडदा, कोरडी पडते आणि फाटू शकते, मग हायड्रोजन थेट हवेच्या बाजूला जातो.