बँकेतून बोलतोय म्हणणारा माझं नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे ४ आकडे सगळं बरोबर सांगतो. मग तो भामटा आहे हे ओळखायचं कसं?

तो खरा की खोटा हे फोनवर बोलता बोलता ठरवायच्या भानगडीत पडूच नका. नाव-पत्ता कुठून ना कुठून फुटलेला असतो आणि कार्डाचे शेवटचे ४ आकडे तर खरेदीच्या पावतीवरही छापलेले असतात. स्क्रीनवर बँकेचाच नंबर दिसला तरी भरवसा नको, दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो. आता तर ओळखीच्या माणसाच्या आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते.

मी "बँकेला मीच फोन करतो" एवढं म्हणतो आणि फोन ठेवतो. मग कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावतो. (इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवलेले असतात.) खऱ्या कर्मचाऱ्याची याला काहीच हरकत नसते. भामटा मात्र फोन ठेवू देत नाही. "तोवर खातं रिकामं होईल", "लाइनवरच राहा", "घरात कुणाला सांगू नका" असं सुरू झालं की समजून जा.

ओटीपीचा डाव नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथेच फसतात. तुमच्याशी बोलत असतानाच तो दुसरीकडे तुमच्या कार्डावर खरेदी करत असतो. त्यामुळे ओटीपीचा मेसेज खरोखर बँकेकडूनच येतो, आणि तो बघून आपला विश्वास बसतो. तो म्हणतो, "व्यवहार रद्द करायचाय, पटकन कोड वाचून दाखवा." त्याच मेसेजमध्ये बहुतेक वेळा किती रक्कम कुणाला जाणार हे लिहिलेलं असतं, कोड कुणालाही सांगू नका हेही असतं. पण घाईत नजर फक्त आकड्यांवर जाते. मेसेज पहिल्या शब्दापासून वाचा.

कोड न विचारताही काम साधतात. "मदत करतो" म्हणून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावलं की तुमचे मेसेज त्याला तिकडे बसल्या दिसतात. कुणी चांदणी आणि आकड्यांचा एखादा कोड डायल करायला सांगितला तर करू नका, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. केलाच असेल तर बहुतेक नेटवर्कवर ##००२# डायल करून सगळी कॉल फॉरवर्डिंग बंद करता येते.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. गेलेली रक्कम काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात फिरवतात, म्हणून आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खातं गोठवायला सांगा, लगेच पोलिसांत तक्रार द्या. पुढे कधी "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन आला तर तोही फसवणुकीचाच समजा. एकदा फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात.