हॅम रेडिओवाल्यांना यूएफओमध्ये एवढा इंटरेस्ट का असतो? त्यांना रेडिओवर खरंच काही ऐकू येतं का? मुंबईत असं कोणी करतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांना हो, पण नुसतं हो म्हणून भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मुलुंडला राहतो, हॅमचं लायसन्स आहे (हॅम म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ सेटवरून जगभर सिग्नल पाठवणारे आणि ऐकणारे लोक), बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना आहे (सोसायटीची परवानगी मिळवणं ही लायसन्सच्या परीक्षेपेक्षा अवघड परीक्षा असते, मुंबईतला कुठलाही हॅम हेच सांगेल), आणि यूएफओ हा विषय आमच्या गप्पांमध्ये सतत निघतो.

इंटरेस्ट का, तर ओळख न पटलेला सिग्नल ही आमची रोजची गोष्ट आहे. रात्री रिग, म्हणजे आमचा रेडिओ सेट, चालू करून बँडवरून नॉब फिरवत जा, निम्म्या गोष्टी कोणाच्या आहेत, कुठून येतायत काही कळत नाही. कुठे नुसती शिट्टी, कुठे टकटक, कुठे अर्धवट आवाज येतो आणि विरतो. हे काय आहे, कुठल्या दिशेने येतंय, अजून कोणाला ऐकू येतंय का, हे शोधायची सवय एकदा लागली की कोणी "आकाशात काहीतरी दिसलं" म्हटलं की कान टवकारतातच.

आणि हे आजचं नाही. १९२४ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता तेव्हा अमेरिकेच्या नौदलाने आपल्या रेडिओ स्टेशनांना मंगळावरून काही येतंय का ते ऐकत राहा म्हणून सांगितलं होतं. पुढे १९३७ मध्ये ग्रोट रेबर नावाच्या अमेरिकन हॅमने घराच्या आवारात स्वतःच्या खर्चाने साधारण साडेनऊ मीटरची डिश उभी केली आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा नकाशा काढला. १९५७ ला स्पुटनिक हा रशियाचा पहिला उपग्रह वर गेला तेव्हा २० मेगाहर्ट्झच्या जवळची त्याची बीप बीप जगभरच्या हॅमनी घरात बसून ऐकली. १९७७ चा तो प्रसिद्ध "वॉव" सिग्नल, १५ ऑगस्टला आकाशातून ७२ सेकंद आलेला आणि नंतर परत कधीच न सापडलेला, तो ज्या टेलिस्कोपवर पकडला तो डिझाइन करणारा जॉन क्राउससुद्धा हॅमच होता. आपल्याकडे बघायचं तर १९६५ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ ३२ छोट्या डिश लावून सूर्याचं रेडिओ निरीक्षण सुरू केलं होतं, हे मुंबईतल्या कितीतरी लोकांना माहीतच नाही. रोज कल्याण लोकलने जाणाऱ्यांनाही नाही. त्याच माणसाने पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी हा मोठा रेडिओ टेलिस्कोप उभा केला, ४५ मीटरच्या ३० डिश.

आता "खरंच काही ऐकू येतं का" याच्याकडे येतो, कारण इथे एक गोष्ट अशी आहे जी मला स्वतःला प्रचंड खेचते. तिला लाँग डिलेड एको म्हणतात, म्हणजे खूप उशिरा परत ऐकू येणारा तोच सिग्नल. १९२७ मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळ राहणारा योर्गेन हाल्स नावाचा इंजिनीअर हॉलंडच्या आइंडहोवनचं शॉर्टवेव्ह स्टेशन ऐकत होता. रेडिओ लहर पृथ्वीला पूर्ण फेरी मारून आली तर साधारण एक सप्तमांश सेकंदाने परत ऐकू येते, हे तेव्हाही माहीत होतं. पण त्याला त्यानंतर तीन सेकंदांनी परत तोच सिग्नल ऐकू आला. त्याने हे कार्ल स्टर्मर या शास्त्रज्ञाला कळवलं, मग १९२८ मध्ये मुद्दाम टेस्ट सिग्नल सोडून बघितलं तर ३ सेकंदांपासून १५ सेकंदांपर्यंत उशिराचे एको मिळाले, आणि आकडा सतत बदलत राहिला.

जरा हिशोब करून बघा. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. चंद्रावर आपटून परत यायला अडीच सेकंदांच्या थोडं वर लागतात, आणि हे आम्ही हॅम लोक स्वतः करतो, त्याला मूनबाउन्स म्हणतात. मग ८ सेकंदांनी परत आलेला एको कशावर आपटला? सरळ गणिताने १२ लाख किलोमीटर लांब काहीतरी हवं, म्हणजे चंद्राच्या तिप्पट लांब, आणि तिथे तर काही नाही. १९६० मध्ये ब्रेसवेल नावाच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने असं मांडलं की दुसरी एखादी संस्कृती आपल्या सूर्यमालेत प्रोब, म्हणजे शोधयान, पाठवेल आणि त्याने लक्ष वेधून घ्यायचं तर सगळ्यात सोपं म्हणजे आपलेच सिग्नल आपल्याला परत ऐकवायचे, आणि उदाहरण म्हणून त्याने हेच एको दिले. पुढे १९७३ ला डंकन लुनान याने १९२८ च्या त्या आकड्यांचा ग्राफ काढून त्यात भूतप तारकासमूहाचा नकाशा दिसतो असं लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली, नंतर त्याने स्वतःच तो अर्थ मागे घेतला.

मला विचाराल तर प्रोबवर माझा विश्वास नाही. वरच्या वातावरणातल्या प्लाझ्मात (म्हणजे विद्युतभारित वायूत), पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या बाजूने लहर अडकून हळू पुढे सरकत असेल, असं काहीतरी असणार. पण सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर अजून मिळालेलं नाही, शंभर वर्षं होत आली तरी. आणि हे कोणी दुर्बिणीत बघितलेलं नाही, तुमच्या आमच्यासारख्या लोकांनी घरच्या रिसीव्हरवर ऐकलेलं आहे. अशी गोष्ट आपल्याच बँडवर घडते म्हटल्यावर माणूस रात्री जागणारच ना. अर्थात आज डिजिटल रेकॉर्डरने कोणीही तुमचा आवाज ८ सेकंदांनी परत सोडू शकतो त्यामुळे आजकालच्या दाव्यांकडे मी फार सावधपणे बघतो.

मुंबईत काय ऐकू येतं, तर खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आवाज मुंबईचाच ऐकू येतो. लिफ्टच्या मोटारी, स्वस्तातले चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर. एका वर्षी गणपतीत ७ मेगाहर्ट्झवर रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एक गुणगुणणारा सिग्नल यायचा, हळूहळू खाली सरकत जायचा, अकरा वाजता गायब. दोन मित्रांना ऐकवला तर एकजण म्हणाला सॅटेलाइट असेल, सरकतोय ना. पण सॅटेलाइटचं सरकणं वेगळं असतं आणि हे नीट समजून घ्या कारण आकाशातली वस्तू ओळखायची हीच सगळ्यात चांगली खूण आहे. स्पेस स्टेशन १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. ते आपल्याकडे येत असताना साधारण साडेतीन किलोहर्ट्झने वरच्या फ्रिक्वेन्सीला ऐकू येतं, सगळ्यात जवळ असताना बरोबर फ्रिक्वेन्सीवर, आणि लांब जाताना तेवढंच खाली, आणि हे सगळं दहा मिनिटांच्या आत. प्लॅटफॉर्मवरून फास्ट लोकल भोंगा वाजवत निघून जाते तेव्हा आवाज बदलतो ना, तेच. चार तास निवांत सरकणारी गोष्ट कक्षेत नसते, ती खालीच कुठेतरी हळूहळू गरम होत जाणारी विजेची वस्तू असते.

मग छोटा रिसीव्हर आणि तारेची लूप घेऊन जिना उतरत गेलो, प्रत्येक मजल्यावर लूप फिरवून बघायची, चौथ्या मजल्यावर मीटर एकदम वर गेला. दारात जाऊन म्हटलं, "वहिनी, मखराची माळ दोन मिनिटं बंद करता का?" त्यांनी प्लग काढला आणि आवाज बंद. परत लावला, परत सुरू. माळेच्या ॲडॉप्टरची वायर फेराइट रिंगमधून (असला रेडिओचा गोंगाट अडवणारी कडी) सात-आठ वेढे घालून दिली, ७ मेगाहर्ट्झ शांत झालं, आणि हातावर मोदक पडला तो वेगळा.

हीच पद्धत डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीला लावायची. २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता, संध्याकाळी विदर्भ, खानदेशात आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना लोकांनी बघितले आणि व्हॉट्सॲपवर यूएफओपासून मिसाइलपर्यंत सगळं फिरलं. माझ्या मावसभावाचा चंद्रपूरहून फोन आला, आवाज थरथरत होता त्याचा. मी विचारलं किती वेळ दिसलं? तो म्हणाला चांगलं बराच वेळ, तुकडे तुकडे होत गेले. तिथेच कळलं की उल्का नाही, कारण उल्का सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने येतच नाही, दोन-तीन सेकंदांत संपते. सावकाश, आडवं, तुकडे होत जाणारं म्हणजे कक्षेतून पडणारा कचरा, तो आठएक किलोमीटरने येतो. नंतर सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात मोठी धातूची रिंग पडलेली सापडली आणि चिनी लाँग मार्च रॉकेटचा वरचा टप्पा असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

उलटं पण होतं, म्हणजे हॅमचीच वस्तू यूएफओ ठरते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका हॅम क्लबने छोटा पिको बलून सोडला होता, चंदेरी फुगा, खाली काही ग्रॅमचा ट्रान्समीटर आणि सोलर सेल, किंमत फार तर शेकड्यात डॉलर. तो पृथ्वीला सहा फेऱ्या मारून सातवीवर होता. १० फेब्रुवारी २०२३ ला अलास्काजवळ त्याचा शेवटचा सिग्नल आला, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन फायटर विमानाने कॅनडाच्या युकॉन भागावर एक अनोळखी वस्तू सायडवाइंडर मिसाइलने पाडली. एका मिसाइलची किंमत चार लाख डॉलरच्या वर. वाऱ्याच्या हिशोबाने तो फुगा त्या दिवशी त्याच भागात असणार होता. क्लबने तो आमचाच होता असा दावा कधी केला नाही, फक्त बेपत्ता म्हणून नोंद केली, आणि पाडलेल्या वस्तूचे अवशेष मिळाले नाहीत. मला त्या क्लबचं वागणं फार आवडलं. एवढी प्रसिद्धी समोर असताना जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं, याला हिंमत लागते.

मुंबईत कोणाला भेटायचं म्हणाल तर इथे हॅम भरपूर आहेत, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (म्हणजे रेडिओवरची हॅमची अधिकृत ओळख) असलेला कोणीही शोधा, प्रेमाने शिकवतात. लायसन्सची परीक्षा केंद्र सरकारचा वायरलेस विभाग घेतो, वयाची १२ पूर्ण झाली की देता येते. २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, जीएमआरटी बघायला तेव्हा जा, मुलांना घेऊन जा.

आणि तुम्ही स्वतः काही बघितलंय म्हणून विचारत असाल (प्रश्नावरून मला तसं वाटलं) तर मोकळेपणाने सांगा, कोणी हसणार नाही, मी तर नाहीच. तारीख, मिनिटापर्यंत वेळ, कुठल्या एरियातून, कुठल्या दिशेला दिसलं आणि कुठे गेलं, क्षितिजापासून साधारण किती वर, लुकलुकत होतं की स्थिर, किती सेकंद दिसलं, एवढं लिहून पाठवा. त्या वेळी मुंबईवरून कुठले सॅटेलाइट गेले, स्टारलिंकच्या सॅटेलाइटची माळ होती का, विमानांचा लँडिंगचा रस्ता कुठून होता, हे मी काढून बघतो आणि जे निघेल ते कळवतो, काहीच जुळलं नाही तर तेही तसंच कळवीन.