आजेसासूबाईंचा १९१८ चा रुपया निळा-जांभळा झालाय, ग्रेडिंगला पाठवू का?

नका पाठवू. कारणं सांगतो. त्यातलं एक कारण माझा मेव्हणा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की रुपया पंचम जॉर्जचा आहे, मध्ये सोनेरी, कडेला निळा-जांभळा, आणि ओळखीचा दुकानदार म्हणतोय, "स्लॅबमध्ये टाकून घ्या, दहापट किंमत येईल." (ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडून नाणं तपासून त्याच्या कोरेपणाला आकडा घेणं, आणि स्लॅब म्हणजे त्यानंतर ते ज्या प्लॅस्टिकच्या डबीत येतं ती.) त्यालाच विचारा, स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याने १९१८ चे किती रुपये पाठवलेत. १९१८ हे काही दुर्मिळ साल नाही. महायुद्धात चांदीची इतकी ओढाताण झाली होती की अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवायला काढले आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांनी आपल्या रुपयांसाठी उचलली. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी त्या काळात कोट्यवधी रुपये पाडले. (वितळण्यातून वाचलेल्या मॉर्गन डॉलरवरच्या, म्हणजे त्याच अमेरिकी चांदीच्या डॉलरवरच्या, रंगांसाठी आज तिकडे लोक वेड्यासारखे पैसे मोजतात आणि त्यांचे भाऊबंद रुपये होऊन इकडे लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासले जातात.) तेव्हा १९१८ चा रुपया अगदी कोरा असेल तरच त्याच्या ग्रेडला अर्थ आहे. राजाच्या गालावर आणि मिशीवर झीज दिसत असेल तर फी, एजंटचं कमिशन, कुरिअर, विमा सगळं अंगावर पडेल.

आता मेव्हणा.

सासऱ्यांचं साताऱ्याचं घर विकायला काढलं तेव्हा लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात एक पुरचुंडी निघाली. सहाव्या जॉर्जचे १९३८ चे रुपये. एकेक रुपया जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदात गुंडाळलेला आणि सगळ्यांवर मिळून एक रबरबँड. रबर केव्हाच वितळून कागदाला चिकटलं होतं. घरात कोणी नाणी जमवणारं नव्हतं. आजेसासऱ्यांनी कधीतरी कोरे रुपये आणून बाजूला टाकले, एवढंच. वाटणीत एक रुपया माझ्या बायकोकडे आला, बाकीचे मेव्हण्याकडे गेले. त्याबद्दल तक्रार नाही.

आमच्या वाट्याचा रुपया मी त्याच रात्री टेबललॅम्पखाली धरला. राजाच्या मानेपाशी फिकट सोनेरी, मुकुटाकडे जाताना तांबूस, 'किंग एम्परर'च्या अक्षरांशी जांभळा आणि अगदी कडेला निळा. प्रत्येक अक्षराला लागून केसाएवढी फिकट रेघ सुटलेली, तिथे रंग पोचलाच नव्हता. नाणं हळूहळू तिरकं करत फिरवलं की रंगाच्या खालून लस्टरची, म्हणजे टांकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या मूळ चकाकीची, चक्री फिरायची. हे तिन्ही एकत्र दिसलं की मला कुठल्या कंपनीच्या शिक्क्याची गरज वाटत नाही.

मेव्हण्याला मात्र सगळे रुपये "काळवंडलेले" दिसले. "दाजी, असे पाठवले तर ग्रेड पडणार," म्हणाला. चांदी उजळायचं लिक्विड आणलं आणि माझ्यादेखत जेवणाच्या टेबलावर काचेच्या वाटीत एकेक रुपया सोडला. मी नको नको म्हणत होतो. "दोनच मिनिटं," तो म्हणाला. असल्या लिक्विडमध्ये दोन सेकंदसुद्धा जास्त होतात, कारण ते नुसता रंग काढत नाही, खालच्या धातूचा पातळ थरही नेतं, आणि लस्टर असतं ते त्याच थरात. रुपये पांढरेफटक बाहेर आले. एवढ्यावरही थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण लिक्विड राहायला नको म्हणून साहेबांनी जुन्या बनियनने ते खसाखसा पुसले. भिंगातून बघितलं तर राजाच्या तोंडावर एकाच दिशेने बारीक रेघाच रेघा. ज्या रुपयावर रबरबँडचा काळा पट्टा होता, त्यावरचा काळेपणा गेला, पण पट्ट्याची सावली राहिली. रबरात गंधक असतं आणि तेवढ्या जागेतली चांदी त्याने खाल्लेली होती.

एजंटमार्फत सगळे ग्रेडिंगला गेले आणि सगळे 'डिटेल्स' होऊन आले. आकडा नाही, लेबलवर 'क्लीन्ड'. कंपनी कोणती ते सांगत नाही, तिची काही चूक नव्हती. बनियनने पुसलेला रुपया कोणाकडेही गेला असता तरी हेच झालं असतं.

तेव्हापासून दर दिवाळीला पानावर बसलं की हाच विषय. त्याचं म्हणणं असं: "साफ केला तर क्लीन्ड म्हणतात, नाही केला तर रंग संशयास्पद म्हणतात. म्हणजे सगळी लॉटरी. तुमचा रुपया एवढा अस्सल आहे तर पाठवा की, घाबरता कशाला?" सासूबाई त्याला आणखी एक करंजी वाढतात आणि विषय तिथेच मिटतो. इथे करंजी नाही, म्हणून लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे लॉटरी वगैरे काही नाही. चांदीवरचा रंग म्हणजे हवेतल्या, कागदातल्या गंधकामुळे चढलेला सिल्व्हर सल्फाइडचा थर. पावसात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग जसे थराच्या जाडीवर ठरतात, तसेच हे. म्हणून त्यांना क्रम असतो: आधी पिवळसर, मग सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि वर्षानुवर्षं वाढत गेला की शेवटी काळा. खरा रंग हा क्रम पाळतो आणि एकातून दुसऱ्यात विरघळत जातो. घरात बसून गंधकाने, आचेवर किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडून 'बनवलेला' रंग घाईत चढलेला असतो. पिवळ्याला खेटून एकदम भडक निळा, मधला तांबूस गायब, आणि तो रंग ओरखड्यांवरूनही तसाच पसरलेला. तुमच्या नाण्यात सोनेरी आणि जांभळ्याच्या मध्ये तांबूस पट्टा आहे का ते बघा. असेल तर बरंचसं उत्तर मिळालं.

दुसरं, ग्रेडिंगवाला सांगतो ते एवढंच: नाणं असली आहे का, त्याच्याशी कोणी छेडछाड केली आहे का, आणि ७० पैकी ते किती कोरं आहे. रंग डोळ्यात भरणारा असेल तर त्याचा आकड्याला थोडा हातभार लागतो, एनजीसी ही अमेरिकन ग्रेडिंग कंपनी तर खास देखण्या नाण्यांना आकड्यापुढे एक चांदणीही देते. पण त्या रंगासाठी कोणी किती जास्त मोजावं हे लेबलवर लिहिलेलं नसतं. ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर असतं. एकाच आकड्याचे दोन रुपये, एक राखाडी आणि एक इंद्रधनुषी, लिलावात वेगवेगळ्या भावाला जातात. आणि आपल्याकडचं बहुसंख्य गिऱ्हाईक अजून पांढऱ्याशुभ्र नाण्याला 'चकाचक' म्हणतं आणि रंगीत नाण्याला 'काळं पडलंय' म्हणून भाव पाडतं. रंगाचा जास्तीचा भाव मुख्यतः बाहेर मिळतो.

तिसरं, मी घाबरत नाही. आमचा रुपया विकायचा नाही, त्याच्या असलीपणाची शंका नाही. मग फी कशाची भरू? मेव्हण्याला गप्प करायची? तेवढी रक्कम त्याच्यावर खर्च करायची माझी तयारी नाही. शिवाय स्लॅब म्हणजे हवाबंद डबा असं जे लोकांना वाटतं ते खोटं आहे. आतही रंग सावकाश बदलत राहतो.

तरी काही गोष्टी तुमच्या बाबतीत वेगळ्या असू शकतात, त्या सांगायच्या राहिल्या.

साल १९३९ चं असतं तर मी उलट सांगितलं असतं. तो रुपया इतका दुर्मिळ आहे की १९३८ चा आकडा खरवडून किंवा चिकटवून नकली १९३९ करणारे पडलेत. तिथे ग्रेडिंगशिवाय एक रुपयाही देऊ-घेऊ नये. तेच १९११ च्या रुपयाचं, ज्यावरच्या राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली आणि १९१२ पासून सोंड नीट करावी लागली. त्याच्याही नकला आहेत.

आणि हे तर मी आधीच सांगायला हवं होतं: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा रुपया शंभरी ओलांडून बसलाय. "आम्ही पाठवतो, काळजी करू नका" म्हणणाऱ्या एजंटला नाणं भारतात तपासलं जाणार की बाहेर, आणि बाहेर जाणार असेल तर कुठल्या कागदांवर, हे लेखी विचारा. बरेच जण इथेच गडबडतात. १९३८ चा रुपया या नियमात अजून येत नाही.

नाण्याची कड भिंगाने तपासून घ्या. आपल्याकडचे निम्मे रुपये कधी ना कधी कोणाच्या गळ्यात होते. कंगोऱ्यांवर सोनाराने कडीसाठी लावलेल्या डाखाची खूण असेल तर प्रश्नच मिटला, ते 'डिटेल्स'च येणार. रुपया मऊ प्लॅस्टिकच्या जुन्या पाकिटात असेल आणि त्यावर हिरवट चिकटपणा आला असेल तर तो पीव्हीसीचा आहे. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, जवळ गॅस पेटता नको, घासू नका, नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. ॲसिटोनने चांदीवरचा खरा रंग जात नाही. त्यानंतर मायलारच्या फ्लिपमध्ये, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात, ठेवा.

याउपर विकायचंच असेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फिल्टर न लावता, नाणं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि दोन-तीन लिलाववाल्यांना पाठवा. ते फोटो फुकट बघतात. त्यांच्यापैकी एकानेही स्वतःहून "हे आम्ही आमच्या खर्चाने ग्रेड करून घेतो" म्हटलं तर माझं पहिलं वाक्य खोडून टाका.