सगळ्यांना नको, एकीला लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. हॉस्टेलच्या विंगमधल्या तुम्ही आठ जणी पुन्हा एकत्र याव्यात म्हणून तू महाबळेश्वरचं रिसॉर्टसुद्धा बघून ठेवलंस. ग्रुपवर टाकल्यावर काय आलं, तर तीन अंगठे आणि एक ‘बघू गं’. आणि आता मला विचारतेस, ‘मॅडम, मैत्री संपली का?’

इतक्यात कशाला संपेल? आठ जणींच्या ग्रुपवर टाकलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. प्रत्येकीला वाटतं, दुसरी कुणीतरी बोलेल. शिवाय तू थेट दोन रात्रींचा खर्च पुढे ठेवलास. तुमच्यातल्या एकीनं मुलीसाठी नोकरी सोडलीय ना? ‘मला परवडत नाही’ असं ती ग्रुपवर मेली तरी लिहिणार नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे असं लिहील, आणि तू समजशील की हिला आपलं काही पडलेलं नाही.

हॉस्टेलची रेक्टर असताना मी जुन्या बॅचेस मेळाव्याला परत येताना पाहिल्यात. फेटे, स्मृतिचिन्हं, पायऱ्यांवर ग्रुप फोटो, जेवणापर्यंत फ्लॅट आणि मुलांच्या शाळांच्या गप्पा. मजा येते, नाही असं नाही. पण संध्याकाळी मेसच्या मागच्या कट्ट्यावर ज्या दोघी-तिघी मनापासून बोलत बसलेल्या दिसायच्या, त्या बहुधा आधीपासून फोनवर बोलून, एकाच गाडीतून आलेल्या असायच्या. मेळाव्यानं मैत्री परत आणल्याचं मी फारसं पाहिलं नाही. आधी जुळलेलं तिथं साजरं होतं, इतकंच.

म्हणून रिसॉर्ट बाजूला ठेव आणि एकीला लिही.

एकच का, ते सांगते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास मांडला. नुसत्या ओळखीतून जवळची मैत्री व्हायला साधारण २०० तासांहून जास्त वेळ सोबत जावा लागतो, असा त्यांचा अंदाज. हॉस्टेलवर हे तास कुणी मोजत नाही. एका पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, सबमिशनच्या नाइट मारताना, एकमेकींची जर्नलं उतरवताना ते आपोआप भरतात. आता तू महिन्यातून दोन तास काढलेस तरी वर्षाचे होतात २४. जुनी मैत्री शून्यापासून सुरू होत नाही हे खरं, पण मधल्या काळात ती दुसरी बाई झालीय आणि तूही. तिची ओळख नव्यानं करून घ्यायला वेळ लागणारच. ते २४ तास सात जणींत वाटलेस तर प्रत्येकीच्या वाट्याला वाढदिवसाच्या केकचा इमोजीच येईल.

लिहायचं काय, यावर फार विचार करू नकोस. ‘कशी आहेस, खूप दिवस झाले’ एवढंच लिहिलंस तर समोरचीच्या पोटात गोळा येतो. अचानक आठवण काढणारी जुनी मैत्रीण म्हणजे एकतर पॉलिसी, नाहीतर वजन कमी करायची पावडर, नाहीतर उसने पैसे. हसू नकोस, मलाही असे फोन येतात. तेव्हा पहिल्याच ओळीत सांगून टाक की काही काम नाही. मग फक्त तिलाच कळेल अशी एक गोष्ट लिही. ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी तिनं तुला घालायला दिलेला तिचा ओढणीचा ड्रेस असेल, किंवा मेसचे खाडे धरून जमवलेल्या पैशांचं तुम्ही जे काही केलंत ते (मला ठाऊक आहे, पण राहू दे). चार ओळी पुरेत. इतकी वर्षं फोन का केला नाही याची सफाई देत बसू नकोस. तू दिलीस की तिलाही द्यावी लागते, आणि दोघींचा पहिला अर्धा तास त्यातच जातो.

आणि तरीही बोट पाठवायच्या बटणावर अडेल. तुझंच अडतं असं नाही. कॅनडातल्या लारा अक्निन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये दाखवलं की संपर्क तुटलेल्या मित्राला लिहायची इच्छा आहे, नंबर आहे, हातात वेळही दिलाय, तरी निम्म्याहून जास्त लोक निरोप पाठवत नाहीत. जुन्या मित्राला लिहायला ते अनोळखी माणसाशी बोलण्याइतकेच कचरतात. उपाय मात्र त्यांना साधा सापडला. ज्यांनी आधी काही मिनिटं नेहमीच्या मित्रांना निरोप पाठवले, त्यांच्यातल्या बऱ्याच जास्त जणांनी पुढे जुन्या मित्रालाही लिहिलं. तूही तसंच कर. ऑफिसातल्या मैत्रिणीला, मावसबहिणीला दोन-दोन ओळी टाक आणि हात गरम असतानाच त्या जुन्या मैत्रिणीलाही पाठवून दे.

निमित्ताची वाट बघू नकोस. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठकुठल्या मुलींचे मला फोन आले. ‘मॅडम, पाणी कुठवर आलंय?’ त्याच आठवड्यात त्या एकमेकींनाही शोधत होत्या, कुणाचं माहेर बुडालंय, कुणाचे आईवडील गच्चीवर अडकलेत. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला आणि फोनही थांबले. संकटात बोलायला कारण लागत नाही. एरवी आपणच ते शोधत बसतो.

न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला रात्री फोन करू नकोस, तेव्हा तिचं ऑफिस असतं. रविवारी सकाळी आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे शनिवारचे रात्रीचे दहा. पोरं झोपलेली असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेवढं लक्षात ठेव. आणि तिच्याशी फक्त हॉस्टेलच्या आठवणी काढू नकोस. आठवणींवर एक संध्याकाळ निघते, फार तर दोन. पुढे काहीतरी नवं दोघींच्यात असावं लागतं. एकाच पुस्तकावर भांडा, आईच्या औषधांबद्दल विचारा, नाहीतर नुसत्या आपापल्या बॉसला शिव्या द्या.

आता जिच्याबद्दल तू मेलच्या शेवटी, जाता जाता एकच ओळ लिहिलीस, ती. मला वाटतं सगळी मेल तू त्या ओळीसाठी लिहिलीस. थर्ड इयरला ती वायडी, म्हणजे इयर डाउन झाली, तुमच्या मागे एक वर्ष राहिली, म्हणून बॅचच्या ग्रुपवर तिला कुणी घेतलंच नाही. मुद्दाम नसेल, पण तिला ते कसं दिसलं असेल बघ. नंतर लग्न झालं, आडनाव बदललं, नंबर बदलला. तिला लिहिशील तेव्हा ग्रुपचं नावही काढू नकोस, ‘सगळ्या तुझी आठवण काढतात’ असलं तर अजिबात नको, कारण ते खरं नाही. तुला तिची आठवण येते एवढंच लिही. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा मात्र लिहू नकोस. दार तिनं बंद ठेवायचं ठरवलं असेल तर तो तिचा हक्क आहे.

तिच्या आईचा नंबर माझ्या जुन्या वहीत आहे. तो मी तुला देणार नाही, रागावू नकोस. मी आधी त्यांना फोन करते, त्यांच्याकरवी तिला विचारते आणि ती हो म्हणाली तरच तुला कळवते. त्यात आठ-पंधरा दिवस जातील. तोवर इचलकरंजीच्या मैत्रिणीला लिही. ती तुझ्यापासून एका एसटीच्या अंतरावर आहे आणि तिला तू अजून साधं ‘ये’ म्हणालेली नाहीस.

तुझ्या,
मॅडम