मागचा पडदा

चि. होतकरू फोटोग्राफरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. तू इंग्लंडात काढलेल्या लग्नांचे ४० च्या ४० फोटो तीनदा पाहिले. एकदा लॅपटॉपवर, एकदा फोनवर आणि एकदा चष्मा काढून. चष्मा काढला की बारकावे जातात, नुसता उजेड-अंधार उरतो. फोटो उभा राहतोय की नाही ते तेव्हाच कळतं. आणि मला ‘मॅडम’ लिहू नकोस. ताई म्हण. केस पिकले, तरी ताईच.

४० पैकी २६ फोटोंत नवरा-नवरी पाठमोरी उभी आहेत आणि समोर सूर्य मावळतोय. टेकडी बदलते, गाऊन बदलतो, सूर्य तोच. एक्स्पोजरला नाव ठेवायला जागा नाही. पण यातली एखादी नवरी उद्या आमच्या स्ट्राउड गावच्या शनिवारच्या बाजारात समोर आली, तर मला ओळखू येणार नाही. टेकडी कुठली तेही सांगता येणार नाही, आणि या टेकड्यांत मी २० वर्षांहून जास्त राहतेय.

कोल्हापुरात माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. भिंतीवर रंगवलेला पडदा: तळं, तळ्यात दोन हंस, पलीकडे उतरत्या छपराचं दगडी परदेशी घर, त्याच्या दारावर गुलाबाचा वेल. लग्नानंतर आठवड्याभरात जोडपी यायची आणि त्या हंसांपुढे ताठ बसायची. पैलवानही खांद्यावर गदा घेऊन त्याच हंसांपुढे. पडदा रंगवणाऱ्यानं इंग्लंड पाहिलेलं नव्हतं, कुठल्यातरी कॅलेंडरवरनं उतरवलं होतं सगळं. मी इथं ग्लॉस्टरशर परगण्यात आले त्या पहिल्या उन्हाळ्यात बायबरी गावच्या ओढ्याकाठी उभी राहिले, तर समोर तोच पडदा! घर, वेल, हंससुद्धा. आणि मी काय करावं? त्याच्यापुढे जोडपी बसवायला लागले. वडिलांचाच धंदा, फक्त फी पौंडात. त्यातनं बाहेर पडायला मला पाच वर्षं लागली. तुझी त्यातली तीन वाचावीत म्हणून हे लिहितेय.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. जुलै महिना, जव पिकायला आलेलं, ऊन तिरपं. आम्ही पायवाटेनं चाललो होतो. मला वाटलं, जोडप्याला दहा-बारा पावलं पिकात नेलं तर काय बहार येईल! नेलं. बहार आलीही. जोडप्याला विचारून फोटो टाकला, लोकांनी वाहवा केली, आणि चौथ्या दिवशी शेतकऱ्याचा फोन आला. ओरडला नाही. “माझ्या शेतात तुम्ही एक रस्ता पाडलाय, तो बघायला या,” एवढंच. गेले. आम्ही शिरलो तिथं पीक आडवं झालं होतं, आणि फोटो पाहून आणखी कोणकोण येऊन तो रस्ता रुंद करून गेलं होतं. मी पैसे पुढे केले. मला वाटलं, नको म्हणेल. त्यानं मोजून घेतले आणि पावती लिहून दिली. ती पावती माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत अजून आहे.

शिरोळच्या एखाद्या उसात मी अशी न विचारता शिरले असते का? बांधावरनं हाक मारली असती, कुणाचं रान आहे विचारलं असतं. इथं विचारलं नाही, कारण ते मला रान वाटलंच नव्हतं.

तेव्हा आधी नकाशा घे. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर, १:२५,००० चा. त्यावर हिरव्या तुटक रेषांनी सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. प्रत्यक्ष वाटेवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. तो हक्क वाटेवरून जाण्याचा आहे, शेजारच्या पिकात उभं राहण्याचा नाही. २००० सालच्या कायद्यानं माळरानं, डोंगराळ आणि सामाईक जमिनी लोकांना फिरायला खुल्या झाल्या, पण साधी शेतं त्यात येत नाहीत. नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या जागेत पैसे घेऊन फोटो काढायचे तर आधी परवानगी लागते. ब्लूबेल या निळ्या रानफुलांच्या रानात, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, प्रत्येक नवरीला निळ्या गालिच्यात बसायचं असतं. बसवू नकोस. पानं चिरडली की कंद उपाशी राहतो आणि तो पट्टा सावरायला वर्षं जातात. वाट वळते तिथं तिला वाटेवरच उभी कर, तू खाली बस आणि लांब लेन्स लाव. फुलं आपोआप तिच्याभोवती येतात. आणि वासरं असलेल्या गायींच्या कुरणातून गाऊनवाल्या बाईला कधी नेऊ नकोस. हे मी गमतीनं लिहीत नाहीये.

फे गॉडविनचं काम पाहिलंयस का? नसशील तर पाहा. ही बाई १९८७ ते १९९० रॅम्बलर्स असोसिएशनची, म्हणजे पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेची, अध्यक्ष होती. तिच्या फोटोंत देखावा असतो आणि देखाव्यात कुंपण, काटेरी तार, ‘प्रवेश बंद’ची पाटीही असते. कुणाची जमीन, कुणाला मज्जाव, हे ती फ्रेमच्या बाहेर ठेवत नाही. दुसरा जेम्स रॅव्हिलियस. १९७२ पासून सुमारे १७ वर्षं त्यानं उत्तर डेव्हनचा एकच टापू धरून ठेवला आणि ७०,००० हून जास्त फोटो काढले. मेंढ्यांची बाळंतपणं, गवताच्या गंज्या, चर्चमधली म्हातारी, बर्फातला गुराखी. त्याच्या फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, कारण तो तिथलाच झालेला असतो. तू एका मोसमात ११ परगण्यांत लग्नं केलीस म्हणून अभिमानानं लिहिलंयस. मला ते वाचून तुझ्या गाडीची दया आली.

एक दरी धर. तिथं लग्न नसताना जा. पेन्सविक गावच्या चर्चच्या आवारात ती कातरलेली यू नावाची झाडं आहेत ना, ९९ म्हणतात, शंभरावं जगत नाही म्हणे (मी मोजायला गेले तेव्हा दोनदा दोन वेगळे आकडे आले). तिथं फेब्रुवारीत दुपारी तीनला उजेड कुठून येतो, मेमध्ये सहाला कुठून येतो, हे तुला पाठ पाहिजे. लग्नाच्या दिवशी विचार करायला वेळ नसतो. पाय आपोआप योग्य जागी जाऊन थांबले पाहिजेत.

उजेडाचं एक आपल्याकडच्या माणसाला लवकर कळत नाही. कोल्हापुरात सूर्य टेकला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. इथं जूनमध्ये साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पुढं पाऊण तास उजेड रेंगाळतो. तेव्हा मावळतीला जोडप्याला जेवणावरनं उठवू नकोस. त्यांना खाऊ दे, पावणेदहाला दहा मिनिटं माग. डिसेंबरात उलट. चारच्या आत सूर्य गेलेला असतो. दोनचं लग्न ठरवलं तर विधी संपून, मिठ्या मारून होईपर्यंत बाहेर अंधार. ही गोष्ट ॲडव्हान्स घेतानाच सांगायची: थंडीत लग्न बाराला ठेवा.

पावसाला घाबरू नकोस. लेकॉकला जा, विल्टशरमध्ये आहे, तुझ्यापासून लांब नाही. तिथल्या ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या वाड्यात, फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक फॉक्स टॅल्बटनं ऑगस्ट १८३५ मध्ये आपल्याच घरातल्या एका खिडकीचा फोटो घेतला. आज शिल्लक असलेली जगातली सगळ्यांत जुनी निगेटिव्ह ती, टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. खिडकी अजून तिथंच आहे. तिच्यापुढे पाच मिनिटं उभा राहा. पावसाळी दिवशी मला घरातली एक खिडकी आणि तिच्याजवळचा पसारा हलवायला एक माणूस, एवढंच लागतं.

चर्चमध्ये व्हिकरचा, म्हणजे तिथल्या धर्मगुरूचा, शब्द शेवटचा. काही जण मोकळे असतात, काही म्हणतात, बाप्तिस्म्याच्या कुंडामागे उभे राहा आणि हलू नका. अर्धा तास आधी जाऊन, कॅमेरा बॅगेतच ठेवून, हात जोडल्यासारखं बोल. फ्लॅश विसर. आवाज न करणारं शटर वापरणार असशील तर आधी त्या चर्चमधल्या एलईडी दिव्यांखाली तपास, नाहीतर फोटोत पट्टे येतात. माझ्या एका लग्नात नवरीच्या कपाळावरनं तीन गेले होते, शंकरासारखे.

सही होते तो क्षण मात्र बदललाय. पूर्वी खऱ्या रजिस्टरचा फोटो काढू देत नसत; कोऱ्या पानावर पेन टेकवून जोडपं सहीचं सोंग करायचं. तसं सोंग या धंद्यात जुनंच आहे. व्हिक्टोरिया राणीचं लग्न १८४० चं, आणि तिचा लग्नाचा म्हणून फिरणारा फोटो रॉजर फेंटननं काढला १८५४ मध्ये. पण ४ मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मोठ्या वहीऐवजी एका कागदावर सह्या होतात, आणि त्यावर आईचंही नाव आणि व्यवसाय येतो. त्याआधी फक्त बापाचं यायचं. तेव्हा सही चालू असताना जोडप्यावर एक फोटो घे आणि लगेच आयांकडे वळ. एका नवरीची आई वाकून वाचत होती आणि बोटानं आपलं नाव दाबून धरलं होतं, उडून जाईल म्हणून की काय. तो फोटो मी कुणाला बसवून घेऊ शकले नसते.

भाषणांतही तसंच कर. बोलणाऱ्याचे तीन फोटो पुरे. बाकी वेळ ऐकणाऱ्यांवर राहा. नवऱ्याचा मित्र भलतं काही सांगायला लागला की नवरीची आजी काय करते, ते बघ.

आपली लग्नंही आता लग्नासाठी भाड्यानं मिळणाऱ्या इथल्या जुन्या कोठारांमधून होतात, त्यावर तू विचारलं होतंस. दोन गोष्टी आधी विचारायच्या: होमाला आत परवानगी आहे का (लाकडी छप्पर आणि धुराची घंटा, दोन्ही बघ), आणि हिरवळीवर अक्षता चालतात का. सरकारी नोंदणीच्या विधीत धार्मिक काही चालत नाही, म्हणून बहुतेकांचे दोन विधी होतात. वेळापत्रक करताना दोन्ही धर. तुझ्या हाताखालच्या इंग्रज पोराला अंतरपाट आदल्या दिवशी समजावून सांग. माझ्यासोबतचा एक जण नवरदेवाच्या बाजूला उभा होता, मंगलाष्टकं लांबली तशी बॅटरी बदलायला वाकला, आणि तेवढ्यात पडदा सरला. तू पडद्याच्या कडेच्या रेषेत उभा राहा, ३५ मिमीची लेन्स, शटर १/५०० सेकंदापेक्षा जलद, म्हणजे अक्षतांचे दाणे हवेत थांबतील. शेवटचं ‘सावधान’ ऐकलं की श्वास रोखायचा. ते तुला कानानं कळतं आणि इथल्या चांगल्या चांगल्या फोटोग्राफरना कळत नाही. त्या कानाचे पैसे जरूर घे.

कागदपत्रांचं थोडक्यात. दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा; घरी येऊन झोपण्याआधी तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. विमा काढ, बरेच हॉलवाले त्याचा कागद मागतात. आणि इथल्या १९८८ च्या कायद्यानं फोटोचा कॉपीराइट तुझा असला, तरी कुणी घरगुती कामासाठी काढून घेतलेला फोटो त्यांच्या संमतीशिवाय तू चारचौघांत मांडू शकत नाहीस. करारात तशी ओळ असू दे आणि ‘नाही’ म्हणायची जागाही असू दे. काही जण नाही म्हणतात. माझ्या सगळ्यांत चांगल्या फोटोंपैकी चार-पाच त्यांच्या घरांत आहेत, कुणी पाहिलेले नाहीत.

नुसत्या निसर्गाच्या फोटोंवर पोट भरेल का, या प्रश्नाला माझं उत्तर: माझं भरत नाही. मे ते सप्टेंबर लग्नं, त्यावर घर. नोव्हेंबर ते मार्च मी कुरणं आणि गडगे काढते. हो, गडगेच, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंतीला कोकणातला हा शब्द इतका चपखल बसतो की मी इथल्या गवंड्यालाही शिकवलाय.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ये. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे दरीत धुकं बसतं, पण कोणत्या दिवशी बसेल ते सांगता येत नाही, म्हणून चार रात्री राहायच्या तयारीनं ये. गमबूट आण. आपण त्या जवाच्या शेतावरच जाऊ. हल्ली तिथं गवत आहे आणि मेंढ्या आहेत. मी दर डिसेंबरात त्या शेतकऱ्याला एक फोटो छापून देते. तो पाहतो, “फाटक वाकडं दिसतंय,” म्हणतो आणि भिंतीवर लावतो. फाटक खरंच वाकडं आहे. बंद करताना जरा उचलावं लागतं.

तुझी,
ताई

ता. क. १७ नंबरचा फोटो, टेबलाखाली बसून करवल्याचे बूट सोडवणारा पोरगा, तो कधी काढलास? तो पहिला लाव. आणि त्याच्या आई-बापाला विचारलंस का?