मुंबई महापालिकेचं मुख्यालय पर्यटकांना आतून पाहता येतं का?

हो, येतं, पण मनात आलं की आत शिरलं असं नाही. शनिवार-रविवारच्या हेरिटेज वॉकमध्ये नाव नोंदवून, मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. जानेवारी 2021 मध्ये महापालिका आणि एमटीडीसीने (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने) हा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून सामान्य माणसाला सभागृहाचं दार उघडलं. मी स्वतः अशा फेरीत जाऊन आलो आहे. सभागृह सुंदरच आहे, पण मला विचाराल तर जिन्यापाशी थांबून मान वर करा आणि घुमट आतून निवांत बघा. घाई करू नका. सीएसएमटी आणि ही इमारत, दोन्ही वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्याच. पालिकेची 1893 मध्ये पूर्ण झाली. निघण्याआधी समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भागाच्या माथ्यावरची पंख असलेली स्त्रीमूर्ती जरूर पाहा. 'अर्ब्स प्रिमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, हा मुंबईचा जुना मान ती मिरवते. तिच्या खाली, दारासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे.

एकच लक्षात ठेवा: हे चालू कार्यालय आहे. पालिकेच्या कामकाजामुळे फेऱ्या बंद असू शकतात, म्हणून बाहेरगावाहून येणार असाल तर बुकिंग पक्कं झाल्यावरच रेल्वेचं तिकीट काढा. सोबत मूळ ओळखपत्र असू द्या. बाहेरून पाहायला मात्र परवानगी लागत नाही, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तर नक्कीच बघा.